सोयरा, सहा फूट नऊ इंच

मनामा, बहारीन
२९ डिसेंबर २०२५

ती. सुकेशनीताई,
सविनय जय भीम.

फोनवर सांगता आलं असतं. पण तू फोनवर नुसती 'हं, हं' करतीस, मग वहीत चार पानं विचार करतीस आणि दुसऱ्या दिवशी नकार कळवतीस. म्हणून आपली नेहमीची पद्धत. पान लिहायचं, फोटो काढायचा, पाठवून द्यायचा.

आमच्या क्लबात लॅमॉन्ट ग्रीअर नावाचा अमेरिकन खेळाडू होता. 'होता' म्हणतोय, कारण परवा त्याला काढलं. दोन सामने वाईट गेले की इथं पाहुण्या खेळाडूला काढतात आणि आठवड्यात दुसरा आणतात. अमेरिकेत जे अगदी वरच्या संघांत पोचत नाहीत, ते बास्केटबॉलवाले असेच जगभर खेळत हिंडतात. लॅमॉन्टनं चौदा वर्षांत अकरा देश केलेत. फिनलंड, सायप्रस, उरुग्वे, जॉर्डन, मंगोलिया, आणखी कुठं कुठं. त्याच्याजवळ एक जुडगा आहे. त्यात सात देशांतल्या भाड्याच्या घरांच्या किल्ल्या आहेत. इतक्या घाईनं काढलं, की परत करायच्या राहून गेल्या म्हणे.

तो सदतीस वर्षांचा आहे. उन्हाळ्यात त्याच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. फिजिओ म्हणून तो गुडघा मीच चार महिने सांभाळला आणि आता तो पक्का आहे, हे मी शपथेवर सांगतो. पण 'ग्रीअरचा गुडघा गेला' अशी बातमी सगळीकडं पसरली. आइसलंडमधल्या एका छोट्या गावचा क्लब त्याला घ्यायला तयार आहे, फक्त एका अटीवर. त्याच गुडघ्यावर खेळलेला ताजा सामना, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, ३१ जानेवारीच्या आत त्यांना बघायला मिळाला पाहिजे. नाही मिळाला तर त्याचं खेळणं संपलं. त्याला दुसरं काही येत नाही, हे तो स्वतःच सांगतो.

इथं आता त्याला कोण खेळवणार? म्हणून मी आपल्या मानवतच्या प्रजासत्ताक दिन बास्केटबॉल करंडकाबद्दल त्याला थोडंफार सांगितलं.

ताई, चिडू नकोस.

तुझा,
नागेश


मानवत
२ जानेवारी २०२६

चि. नागेश,
जय भीम.

'थोडंफार' म्हणजे किती? ते आधी कळव.

मी चिडलेले नाही. खरं तर पहिल्या वाचनात चिडले होते, दुसऱ्यात हसले, तिसऱ्यात काळजीत पडले. तुझे दाजी मात्र पहिल्या वाचनापासून नाचायलेत. आमच्या भीमनगरचा संघ गेली सहा वर्षं मोंढ्याच्या संघाकडून हरतो, आणि सिद्धोधनरावांना त्यात आता देवदूत दिसतो. देवदूत हा त्यांचा शब्द. मी तो त्यांना मागं घ्यायला लावला.

पण नियमाचं काय? तू विसरलास. बाजार समितीच्या आवारातल्या या स्पर्धेत गल्लीबाहेरचा एकच खेळाडू चालतो, आणि तो त्या गल्लीतल्या कुणाच्या तरी घरचा सोयरा असावा लागतो. जावई, भाचा, मेहुणा, कुणीही, पण सोयरा. एका वर्षी एका गल्लीनं परभणीहून पोलिसांचे पाच खेळाडू आणून उभे केले होते, तेव्हापासून ईश्वरअप्पांनी हा नियम स्वतःच्या हातानं लिहून ठेवलाय. अप्पा सरकीचे व्यापारी, स्पर्धेचे अध्यक्ष, वय त्र्याहत्तर. ते तराजूचा काटा थांबल्याशिवाय श्वास सोडत नाहीत. त्यांच्यापुढं मी खोटं बोलणार नाही. मी अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते, नागेश. त्यांची दोन नातवंडं माझ्या वर्गात आहेत. नसती तरी बोलले नसते, असं मला वाटतं. नक्की सांगता येत नाही.

आणखी एक. आमच्या दाराची चौकट सहा फूट दोन इंच आहे. मी मोजली.

तुझी ताई,
सुकेशनी


मनामा
५ जानेवारी

ती. ताई,

तिकीट निघालंय. नऊ तारखेला तो हैदराबादला उतरतो, दहाला रेल्वेनं परभणीला. दाजींना पाठव. ओळखायला अडचण येणार नाही.

त्याला वालूरला आईकडं ठेवा. आईच्या घराची चौकट बाबांनी ऐपतीपेक्षा मोठी केली होती, ती कधीतरी कामाला येऊ दे. सकाळी आठ अंडी लागतात. गुडघ्याला संध्याकाळी बर्फ. तो प्रत्येक देशात एक वाक्य शिकतो, तेवढं शिकवा.

सोयरिकीचं तुम्ही बघा. तिथं मी काय करू?

नागेश


मानवत
१३ जानेवारी

चि. नागेश,

कुठून सुरू करू ते कळत नाही. वहीत सव्वीस पानं झाली आहेत आणि त्यातली निम्मी खोडलेली.

परभणी स्टेशनवर तुझ्या दाजींनी 'सुस्वागतम' लिहिलेला पुठ्ठा धरला होता. लॅमॉन्ट उतरला आणि फलाटावरची माणसं आपोआप बाजूला झाली. रिक्षात तो तिरका बसला तर पाय बाहेर, सरळ बसला तर डोकं छताला. शेवटी वालूरला जाणाऱ्या एसटीत मागच्या लांब बाकावर त्याला आडवा घातला. कंडक्टरनं तिकीट एकच फाडलं, पण बराच विचार करून.

आईला मी आधी समजावून सांगितलं होतं, की पाहुणा उंच आहे. तिनं वर बघितलं, आणखी वर बघितलं आणि म्हणाली, "बाबा, आदी खाली बस." तो ओसरीवर बसला, तरी दोघं बरोबरीला आले.

आपल्या शेतात शेवटची वेचणी चालली होती. आईच्या हातावरच्या बोंडांच्या ओरखड्यांवरून त्यानं बोट फिरवलं. त्याचं गाव अमेरिकेत आर्कान्सात, तेही कापसाचंच. आजीचे हात असेच होते, म्हणाला. मी आईला सांगितलं. आईनं विचारलं, तिकडं बी दुसऱ्याच्याच रानात वेचायचे का? तो म्हणाला, हो. मग आई उठली आणि त्याला आणखी दोन भाकरी वाढल्या. त्यानंतर ती त्याच्याशी मराठीतच बोलते, तो इंग्रजीत, आणि मला दुभाषी म्हणून कुणी विचारत नाही.

आता नियमाचं. काल संध्याकाळी बाजार समितीत बैठक होती. ईश्वरअप्पांनी मला सरळ विचारलं, "मॅडम, हे तुमचे कोण?"

'कुणी नाही' हे खरं होतं, पण ते म्हणायचं धाडस होईना, आणि दुसरं काही म्हटलं तर खोटं. मी दहाएक सेकंद उभी राहिले असेन. तेवढ्यात मागून आई बोलली, "माझा लेक हाय. नाग्याच्या पाठचा."

सगळी बैठक वळली. अप्पा चष्मा पुसत म्हणाले, "सरजाबाई, सितारामला मी चांगला ओळखत होतो."

"आई कोन ते म्या सांगितलं," आई म्हणाली. "बापाचं इचारा, असं तुमच्या नेमात लिवलंय का?"

नागेश, मी जमिनीकडं बघत होते. समितीतले चौघं टेबलाखाली काहीतरी शोधायला वाकले. अप्पा तेवढे हसले नाहीत. त्यांनी नियमाचा कागद पुन्हा वाचला आणि म्हणाले, मानलेला असला तरी हरकत नाही, पण नुसतं म्हणून चालायचं नाही. भावानं रीतीनं साडी घेऊन बहिणीच्या दारी यावं आणि चार लोकांनी ते बघावं.

म्हणून आज लॅमॉन्ट वालूरहून एसटीनं साडी घेऊन आला. ती त्यानं स्वतः निवडली. दुकानदाराला त्यानं सगळ्यात लांब कुठली ते विचारलं. उंच माणसानं आखूड वस्तू देणं बरं दिसत नाही, असा त्याचा हिशोब. म्हणून मला नऊवारी मिळाली. मी आयुष्यात नेसलेली नाही. भीमनगरातली सगळी माणसं दारात उभी होती आणि तो चौकटीखाली वाकून 'ताई' म्हणाला.

अप्पांनी सही केली. रात्रीपासून मला हाच प्रश्न पडलाय. सामन्यासाठी जोडलेलं नातं खरं कसं म्हणायचं? ज्या कामासाठी जोडलं ते झाल्यावर ते कुठं जातं? तुला काय वाटतं ते प्रामाणिकपणे लिही. विनोद नको.

सुकेशनी


मनामा
१५ जानेवारी

ती. ताई,

विनोद नको म्हणालीस म्हणून दोन दिवस थांबलो. तरी थांबत नाही. आईनं भर बैठकीत बाबांची अब्रू काढली आणि तू नात्याचं तत्त्वज्ञान विचारायलीस.

मला काही वाटत नाही. मला फक्त अठरा तारखेचा सामना हवाय. दाजींना म्हणावं, मोबाइल आडवा धरा, आणि हात हलवू नका.

नागेश


मानवत
१९ जानेवारी

चि. नागेश,

जिंकलो. त्र्याऐंशी विरुद्ध चाळीस. मानवत रोडच्या संघाला उपांत्य सामन्यात असं कुणी हरवलेलं नाही, आणि त्यातले एकाहत्तर गुण एकट्या लॅमॉन्टचे. दाजींनी ट्रॉलीवर उभं राहून सगळा सामना टिपलाय, तो तुला पाठवलाच आहे.

थोडंसं श्रेय मी घेते, आणि घ्यावं की नाही याचा विचारही केलाय. सामन्याआधी मी लाउडस्पीकरवरून सगळ्यांना सांगितलं. हे माझे भाऊ आहेत, लांबून आलेत, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तेव्हा सांभाळून घ्या. लोकांनी ते इतकं मनावर घेतलं म्हणून सांगू. मानवत रोडचा कर्णधार शंभुराज, किराणा दुकानवाल्यांचा, फार संस्कारी मुलगा. लॅमॉन्ट चेंडू घेऊन आला, की तो बाजूला होऊन हातानं वाट दाखवायचा. एकदा लॅमॉन्टचा नेम चुकला, तर त्याच मुलानं चेंडू उचलून अदबीनं परत दिला. "मेहुणे, आणखी एकदा मारा." तो घसरून पडला तेव्हा दोन्ही संघ धावले, आणि त्याची चड्डी झटकायला चौघं होते. मध्यंतरात विरुद्ध बाजूनं त्याच्यासाठी खुर्ची, चहा आणि चिवडा आला.

घरी आल्यावर तो ओसरीवर डोक्याला टॉवेल गुंडाळून बसला होता. डोळे ओले होते. एवढं प्रेम त्याला अकरा देशांत मिळालं नसेल. मी त्याला एकटं सोडलं. अशा वेळी बोलू नये.

आनंदात,
सुकेशनी


मनामा
२० जानेवारी

ताई,

त्याचे डोळे प्रेमानं ओले नव्हते. त्यानं मला काल फोन केला होता. पहिलं वाक्य हे, "मी या लोकांचं काय बिघडवलंय, माझ्याशी कुणी खेळत का नाही?"

चित्रफीत त्याच्या एजंटनं बघितली. त्याला वाटलं, एखाद्या लग्नातला कार्यक्रम आहे. चिवडा येतो तिथं त्यानं बंद केली. हा सामना आइसलंडला दाखवला तर ते हसतील. ज्याला कुणी अडवत नाही, धक्का देत नाही, त्याचा गुडघा पक्का आहे की कच्चा, ते कसं कळणार?

लॅमॉन्ट म्हणतो, आयुष्यात त्याला शिव्या मिळाल्या, नाणी फेकून मारली, सायप्रसमध्ये एकदा चप्पल आली. त्यातून तो खेळला. पण आदरातून कसं खेळायचं ते त्याला माहीत नाही.

आता फक्त सव्वीस तारखेचा अंतिम सामना उरलाय. मोंढ्याच्या संघानं त्याला माणसासारखं झोडपलं पाहिजे. कसं, ते तू ठरव. लाउडस्पीकरपासून लांब राहा.

नागेश


मानवत
२७ जानेवारी

चि. नागेश,

तुझं पत्र मी वर्गात वाचलं आणि पुढचा तास मुलांना स्वाध्याय दिला. चूक माझीच. मी त्याला सोयरा केला आणि सोयऱ्याला आपल्याकडं कुणी कोपर मारत नाही, एवढं साधं मला सुचलं नाही. 'सांभाळून घ्या' म्हणताना मला आपण किती चांगल्या आहोत असं वाटत होतं. ते वाटणं मी वहीत लिहिलंय, तारखेसकट.

मग मी अप्पांकडं गेले. विचारलं, लॅमॉन्टला जोरात धक्के द्या असं मोंढ्याच्या खेळाडूंना सांगाल का? अप्पा दुखावले. "मॅडम, दुसऱ्याच्या घरच्या पाहुण्याला मारा म्हणून मी कुणाला सांगणार नाही." शंभुराजला विचारलं, तू तरी मोंढ्याच्या पोरांशी बोलशील का, तो लाजला. तुझे दाजी म्हणाले, एखादं भांडण उकरून काढू. मी नको म्हणाले.

शेवटी आईच बोलली. "तुमी त्याला बसवून खाऊ घालायलाव, म्हणून लोक बी तसंच करायलेत. मोंढ्यात कामाला लाव की त्याला. तिथं कोन पाहुणा म्हनतंय बघू."

मोंढ्याचा संघ म्हणजे बाजारपेठेतल्या हमालांचा संघ, हे तुला माहीत आहेच. त्यांचा मुकादम लिंबाजी, वय चाळीस, उंची पाच फूट चार, रुंदीही साधारण तेवढीच. त्यानं आधी हात जोडले. पाहुण्याकडून काम घेणं बरं दिसत नाही म्हणाला. मी गुडघ्याची अट सांगितली, ओझं उचलायचं नाही. तेव्हा त्यानं नाइलाजानं बारदाना लावायचं काम दिलं. रिकाम्या पोत्यांची थप्पी. बाकीच्यांना वरच्या थरासाठी फळी लागते, लॅमॉन्टला लागत नाही.

बुधवारी सगळे त्याच्याकडं कौतुकानं बघत होते. गुरुवारी त्याच्यासाठी स्पेशल चहा येत होता. शुक्रवारी तो साधा चहा प्यायला लागला. आणि शनिवारी दुपारी बाराच्या सुमारास त्यानं तीन दिवस मन लावून रचलेली ती उंच थप्पी, पायथ्याला वाकडी असल्यामुळं, सगळीच्या सगळी लिंबाजीच्या अंगावर आली.

लिंबाजी दिसेनासा झाला. पोत्यांच्या ढिगातून आधी त्याचा आवाज बाहेर आला. मी तिथं नव्हते, पण दाजी होते आणि त्यांनी मला शब्दशः सांगितलं. लिहिण्यासारखं एवढंच आहे. "आरं ए अमेरिका, तुझ्या मायनं तुला सोयरा केला असंल, म्या न्हाई केला. सोमवारी ये मैदानात. तुला या पोत्यात घालून शिवतो."

लॅमॉन्टला एक शब्दही कळला नाही. पण तो धावत माझ्या कॉलेजात आला, चौकटीला डोकं आपटून घेतलं आणि आनंदानं म्हणाला, "ताई, तो माझ्यावर चिडलाय."

सामना कसा झाला ते तू चित्रफितीत बघशीलच. दाजींचा आवाज त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे, त्याला माझा इलाज चालला नाही. लिंबाजी त्याला गोचिडासारखा चिकटला. त्याच्या पायावर पाय देऊन उभा राहिला, बरगडीत बोटं घातली, मागून चड्डी धरली, आणि सबंध सामना तोंडानं थांबला नाही. लॅमॉन्ट तीन वेळा पडला. पहिल्यांदा मी डोळे झाकले. तिन्ही वेळा हाताचा आधार न घेता उठला. गुण पडले तेवीस. शेवटच्या मिनिटाला आपण एका गुणानं मागं होतो, लिंबाजीनं त्याला उघड उघड मिठीच मारली, आणि आपल्याला दोन फ्री थ्रो मिळाले. समोर कुणी नाही, रेषेवर उभं राहून निवांत टाकायचे. त्यानं दोन्ही हुकवले.

अठ्ठावन्न-सत्तावन्न. सातव्या वर्षीही मोंढाच जिंकला. भीमनगरात सुतकासारखी शांतता, आणि हा माणूस ओरखडलेला कोपर मला दाखवत खदाखदा हसत होता. दोन वर्षांत असा सामना खेळलो नव्हतो, म्हणाला. लिंबाजीनं त्याला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला. जमलं नाही. मग त्यानंच लिंबाजीला घेतलं.

सुकेशनी


मनामा
२८ जानेवारी

ती. ताई,

चित्रफीत आइसलंडला गेली. त्यांना आवडली. दाजींच्या आवाजासकट. पण आता एक गोष्ट कबूल करतो.

'थोडंफार म्हणजे किती' असं तू विचारलं होतंस आणि मी उत्तर दिलं नव्हतं. मी एजंटला सांगितलं, की ही प्रांतिक लीग आहे. लीगच्या सचिवांचं नाव विचारलं, तेव्हा तुझं दिलं. इंग्रजी चांगलं असलेलं दुसरं कोण आठवणार? आज-उद्या तुला क्लबचा ई-मेल येईल. सामना खरोखरीचा होता का, एवढंच त्यांना हवंय. ताई, तुझ्या पाया पडतो, 'हो' एवढंच लिही. एक ओळ. त्याचं सगळं आता त्या ओळीवर आहे.

नागेश


मानवत
२९ जानेवारी

चि. नागेश,

तुझं पत्र यायच्या आधीच ई-मेल आला होता, आणि उत्तरही गेलं. चार पानं.

एक ओळ लिहिता आली असती. लॅमॉन्ट समोर बसला होता, आई त्याच्या गुडघ्यावर बर्फ धरून होती, आणि मी काय लिहिते ते त्यानं विचारलंही नाही. त्यामुळंच मला जास्त अवघड गेलं. त्यांनी सहा प्रश्न विचारले होते. मी लिहिलं, की मी सचिव नाही आणि लीग अशी काही नाही. गावातल्या गल्ल्यांची स्पर्धा आहे. मैदान बाजार समितीचं, पश्चिमेकडं चार बोटं उतरतं. वेळ माझ्या नवऱ्याच्या मनगटी घड्याळावर मोजली. उपांत्य सामना हिशोबात धरू नये, त्यात माझी चूक होती, ती सविस्तर कळवली. अंतिम सामन्यात मात्र समोरच्यांनी त्याला जराही सोडलं नाही, आणि का सोडलं नाही ते बारदान्यासकट लिहिलं. तो तीनदा पडला, तीनदा उठला, दुसऱ्या दिवशी गुडघ्याला सूज नव्हती, मी टेपनं मोजला. डावीकडं वळायला त्याला उजवीपेक्षा किंचित जास्त वेळ लागतो असं मला वाटलं, तेही. चौदा फ्री थ्रो मिळाले, त्यातले आठ हुकले, तेही.

तू डोक्याला हात लावला असशील. मीही लावला, पण पाठवल्यावर.

पहिल्या पाच प्रश्नांना साडेतीन पानं लागली. सहावा होता, 'खेळाडूशी तुमचं नातं काय?' त्याला पाऊण तास लागला. 'परिचित' लिहिलं, खोडलं. 'यजमान' लिहिलं, खोडलं. 'मानलेली' असा शब्द इंग्रजीत नीट बसेना. तेवढ्यात बर्फ फार गार लागतोय म्हणून लॅमॉन्टनं आईकडं तक्रार केली, आणि आईनं त्याच्या पायावर चापट मारली.

मी 'बहीण' लिहिलं. पुढं खुलाशासाठी जागा होती. ती कोरी ठेवली.

सुकेशनी


मनामा
३१ जानेवारी

ती. ताई,

तुझ्या चार पानांचं वाचून मी दोन दिवस जेवलो नाही. आज दुपारी क्लबचं पत्र आलं. शब्दशः देतो.

"नातेवाइकांच्या शिफारशी आम्ही वाचत नाही. पण ज्या खेळाडूची बहीण त्याचे हुकलेले फ्री थ्रो मोजून कळवते, तिनं गुडघ्याबद्दल लिहिलेलं आम्ही खरं धरतो. आमच्या गावात अकराशे माणसं आहेत. मैदानही थोडं उतरतं. त्या बुटक्या गृहस्थांसारखा एक आमच्याकडंही आहे, तो बंदरावर मासळी उतरवतो. ग्रीअर यांना हंगाम संपेपर्यंत घेत आहोत. अट एकच, रोज दोनशे फ्री थ्रो."

ताई, झालं. त्याला सांग. नाचेल तो.

नागेश


मानवत
१ फेब्रुवारी

चि. नागेश,

सांगितलं. नाचला. आईला उचलून तीन गिरक्या घेतल्या, आईनं त्याला दोन चापट्या दिल्या आणि मग डोळे पुसले. लिंबाजी मोंढ्यातून पेढे घेऊन आला. अप्पांनी नियमाच्या कागदाची एक प्रत त्याला आठवण म्हणून दिली, सहीसकट.

मग त्यानं क्लबचं पूर्ण पत्र वाचलं. हुकलेल्या फ्री थ्रोंचं कुणी कळवलं, ते त्याला आत्ता कळलं. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. सकाळपासून. मी समजावलं, की त्यामुळंच तर काम झालं. त्यानं तोंड फिरवलं. आठ नव्हे, सात हुकले होते, असंही पुटपुटला. मी वही काढून दाखवली, तर जास्तच रुसला. आता वालूरच्या ओसरीवर एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला मी बसून हे लिहितेय, आणि मधे आई भाकरी थापतेय. संध्याकाळच्या गाडीनं तो निघेल.

मी उठून त्याचा डबा भरायला घेतला. शेंगदाण्याची चटणी घालताना त्यानं चोरून बघितलं. मग आईकडं बघून, तुटक मराठीत म्हणाला,

"आई, ताईला सांग, मिरची कमी."

आई मला म्हणाली, "ऐकलंस का?"

मी म्हणाले, "त्याला सांग, ऐकलं."

सुकेशनी